तुमचे प्रश्न : गिझर बिघडलाय की नुसता कुरकुरतोय?

गिझरबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं आणि तक्रारींचा पूरच आला. सगळ्या वाचल्या. गंमत अशी की निम्म्याअर्ध्या तक्रारींत गिझर बिचारा ठणठणीत आहे, घोटाळा नळात नाहीतर वायरिंगमधे नाहीतर पाण्यातच आहे, पण मेकॅनिक येतो आणि आल्या आल्या गिझरच खोलतो. म्हणून यावेळी उत्तरं देताना आधी काय तपासायचं तेच जास्त सांगितलंय, पाना-पकड नंतर. आणि एक गोष्ट सगळ्यांसाठीच, कव्हरचा पहिला स्क्रू काढायच्या आधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, गिझरचा एमसीबी (बोर्डवरचा, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडायचा. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे बंद करूनही आत करंट राहील असं, लावून ठेवलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की बटणावरचा माझा विश्वासच उडालाय.

प्रश्न : १५ लिटरचा गिझर आहे, ४ वर्षं झाली. चालू केला की पाच-सात मिनिटांनी आतून खडे हलवल्यासारखा आवाज येतो, घर्र घर्र आणि मधेच टक्‌. फुटणार तर नाही ना? मिसेस तो चालू असताना बाथरूममधे जायला तयार नाहीत.

फुटत नाही हो, मिसेसना सांगा निर्धास्त रहा. हा क्षारांचा आवाज आहे. जड पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधा चुनखडीचा थर, जिथे सगळ्यात जास्त गरम असतं तिथे जाऊन बसतो. ती जागा म्हणजे एलिमेंट, पाणी तापवणारी नळी. मग होतं काय, या थराच्या फटीत पाणी शिरतं, तिथेच उकळतं, वाफेचा बुडबुडा बाहेर पडतो आणि बाहेरच्या गार पाण्यात फुटतो. तोच टक्‌ आवाज. आणि सुटून पडलेले पोपडे तळाशी जमून पाण्याबरोबर हलतात, ते तुमचे खडे.

आता इथे सगळे सांगतात की क्षार चढले की वीजबिल वाढतं. इलेक्ट्रिक गिझरच्या बाबतीत हे मला फारसं पटत नाही. एलिमेंट पाण्यात बुडलेलं आहे, त्याची उष्णता पाण्यात नाही जाणार तर कुठे जाणार? थोडी उशिरा जाईल, पण जाईल पाण्यातच. खरं नुकसान वेगळं आहे. थरामुळे उष्णता बाहेर निघायला वेळ लागतो म्हणून एलिमेंट स्वतः आतून प्रमाणाबाहेर तापतं, त्याच्या तांब्याच्या नळीला बारीक चीर जाते आणि मग एक दिवस ते जळतं किंवा करंट सोडायला लागतं. (गॅस गिझरची गोष्ट वेगळी, तिथे पाण्याने न घेतलेली उष्णता खरोखरच धुराबरोबर वर निघून जाते.)

तर काय करायचं. एमसीबी पाडा, पाणी गार होऊ द्या, घाई केली तर हात भाजेल. गिझरकडे येणारा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा म्हणजे आत हवा शिरेल, आणि मग गार पाण्याच्या बाजूने टाकी रिकामी करा. गरमच्या बाजूने ती रिकामी होत नाही कारण गरम पाण्याची नळी आत पार वरपर्यंत गेलेली असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते तासभर नळाखाली बादली धरून बसतात. खालची फ्लँज (एलिमेंट धरून ठेवणारी बोल्टची तबकडी) सोडवली की एलिमेंट बाहेर येतं. पांढरे-पिवळट पोपडे हाताने निघतील तेवढे काढा, बाकी एक लिटर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून त्यात एलिमेंटचा नळीचा भागच फक्त बुडवून ठेवा, टर्मिनल कोरडे राहिले पाहिजेत. फसफस थांबली की ब्रशने धुवा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, आणि फरशीचं ॲसिड तर अजिबात नाही, ते क्षारांबरोबर एलिमेंटलाही खातं. टाकीतला गाळ हाताने किंवा पाण्याच्या धारेने काढा.

परत बसवताना रबरी गास्केट नवीनच घाला, जुनं चपटं झालेलं असतं आणि ते दुसऱ्यांदा कधी धड बसत नाही. बोल्ट एकाशेजारी एक असे क्रमाने आवळू नका, एक इकडचा मग त्याच्या समोरचा असे थोडे थोडे आवळा, नाहीतर एका बाजूने पाझरणारच. यातलं काही जमणार नाही वाटलं तर मेकॅनिकला बोलवा पण तो करत असताना शेजारी उभे रहा, कारण ॲनोड रॉड बघायची हीच वेळ असते आणि तो आपणहून सहसा दाखवत नाही. ॲनोडचं पुढे एका प्रश्नात आलंय.

प्रश्न : गिझरच्या खालच्या छोट्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळतं. प्लंबरने त्याच्या तोंडात बूच मारून दिलं, आता गळत नाही. ठीक आहे ना?

नाही! आज, आत्ता ते बूच काढा, हे वाचणं नंतर केलं तरी चालेल.

तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि थेंब टाकणं हे त्याचं कामच आहे. पाणी तापलं की फुगतं. २० डिग्रीवरून ६० वर गेलं की साधारण दीड टक्का वाढतं, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत जवळजवळ एक ग्लासभर पाणी जास्तीचं होतं. मागे एनआरव्ही (एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) असतो, तो पाणी उलटं लाईनमधे जाऊ देत नाही, पुढे नळ बंद. मग त्या ग्लासभर पाण्याने जायचं कुठे? दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह थोडा उघडून तेवढं बाहेर टाकतो. तुमच्या प्लंबरने हा रस्ता बंद केला. आता थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा) अडकला आणि कटआऊटनेही (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा दुसरा स्विच) दगा दिला तर पाणी १०० च्या वर जाईल, दाबाखाली असल्यामुळे ते उकळणारही नाही आणि ज्या क्षणी टाकीची शिवण सुटेल त्या क्षणी त्यातल्या काही पाण्याची एकदम वाफ होईल. वर पहिल्या प्रश्नात मी फुटत नाही म्हटलं ते हा व्हॉल्व्ह मोकळा आहे असं धरून.

गळणं कधी नॉर्मल आणि कधी नाही ते ओळखायला सोपं आहे. गिझर तापत असताना थेंब पडतात आणि बंद केल्यावर थांबतात, तर छान. दिवसरात्र, गिझर बंद असतानाही चालूच, तर एकतर व्हॉल्व्हच्या सीटवर क्षाराचा कण अडकलाय (छोटी दांडी दोन-तीनदा वर करून सोडा, बऱ्याचदा कण वाहून जातो, फक्त पाणी गार असताना करा) किंवा पाण्याच्या लाईनचाच दाब जास्त आहे. टाकी उंचावर आणि घर खालच्या मजल्यावर असेल किंवा प्रेशर पंप लावला असेल तर हे होतं, तिथे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावतात. थेंबांचा त्रास होत असेल तर त्याच्या तोंडाला एक पातळ नळी लावून ती मोरीत सोडा, नळीचं दुसरं टोक मात्र उघडं पाहिजे.

प्रश्न : आंघोळ करताना नळाला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात. गिझर बंद असला की येत नाहीत असं वाटतं. इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावला, लाईट लागला, म्हणाला थोडा करंट आहे पण घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं कारण आहे. ओल्या अंगाला थोडा करंट वगैरे काही नसतं. गिझरचा एमसीबी पाडून ठेवा आणि दुरुस्त होईपर्यंत पाणी दुसरीकडे तापवा.

दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्याशिवाय झिणझिण्या येत नाहीत. एक, कुठेतरी लीकेज आहे. दोन, अर्थिंग तुटलेलं आहे, कारण अर्थिंग धड असतं तर तो करंट तुमच्यातून न जाता वायरमधून गेला असता. लीकेज बहुतेक वेळा एलिमेंटचं असतं, वर सांगितलं तशी नळीला चीर गेली की आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर ओल धरते आणि करंट पाण्यात उतरतो. पण, आणि हे नीट वाचा, गिझरचा एमसीबी पाडूनही झिणझिण्या येत राहिल्या तर चोर दुसरा आहे. घरातल्या सगळ्या अर्थच्या वायरी एकत्र बांधलेल्या असतात, मेन अर्थ तुटलेला असला की वॉशिंग मशीनचा करंटसुद्धा त्या वायरीतून गिझरच्या बॉडीत आणि तिथून नळात येऊ शकतो. एका घरी दोन वेळा एलिमेंट बदलून झालं होतं, शेवटी निघाली स्वयंपाकघरातल्या फ्रिजची वायर सोललेली. अर्थात हे तपासायला पुन्हा पुन्हा नळाला हात लावून बघू नका, मीटरने बघायचं असतं.

टेस्टरने यातलं काहीच कळत नाही, निऑनचा दिवा अगदी किरकोळ करंटलाही लागतो. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) असलेला माणूस बोलवा, त्याला एलिमेंटच्या टर्मिनल आणि बॉडीमधलं इन्सुलेशन मोजायला सांगा, मेगओहममधे यायला हवं, किलोओहममधे आलं तर एलिमेंट गेलं. आणि मेन बोर्डवर ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो. एमसीबी असताना हा कशाला असं विचारतात लोक. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. २००० वॅटचा गिझर साडेआठ-नऊ ॲम्पियर घेतो, त्याचा एमसीबी १६ चा असतो, तुमच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो.

याच्याच उलटी तक्रार एकांनी पाठवलीय, की गिझर लावला की दहा मिनिटांनी आरसीसीबी उडतो म्हणून वायरमनने तो बायपास करून दिला. दहा मिनिटांनी उडतो कारण एलिमेंट गरम झालं की चीर उघडते. आरसीसीबी बरोबरच सांगत होता, तुम्ही त्याचंच तोंड बंद केलंत. बायपास काढा, एलिमेंट बदला.

प्रश्न : २५ लिटरचा गिझर असून एका माणसाची आंघोळ होत नाही, मधेच पाणी कोमट होतं. थर्मोस्टॅट दोनदा बदलला. आता नवीन गिझर घ्यावा का?

थांबा. नवीन आणलात तरी हेच होईल अशी मला दाट शंका आहे.

एक टेस्ट करा, पाच मिनिटांचं काम आहे. गिझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक पूर्ण बंद करा आणि मग बेसिनचा नुसता गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे, कारण गिझरमधे पाणी शिरलंच नाही तर बाहेर येणार कुठून. पण धार चालूच राहिली तर ते पाणी गिझरला वळसा घालून येतंय, म्हणजे घरात कुठेतरी गार आणि गरम लाईन एकमेकींत मिसळतायत. कुठे? मिक्सरमधे, म्हणजे गार-गरम एकत्र करणाऱ्या नळात. हातात धरायचा शॉवर किंवा जेट मिक्सरला जोडलेला असतो, आपण मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून जेटचं बटण तेवढं बंद करतो, झालं, दोन्ही लाईनींची आतल्या आत गाठ पडली. आता तिकडे शॉवरखाली कोणी गरम पाणी घेतलं की त्यात या मिक्सरमधून गार पाणी घुसतं. सिंगल लिव्हरच्या मिक्सरचं कार्ट्रिज झिजलं तरी असंच होतं, वरून काही दिसत नाही, एक थेंब गळत नाही. एकेक मिक्सरखालचा अँगल कॉक बंद करत जा, ज्याचा बंद केल्यावर धार थांबेल तो गुन्हेगार.

टेस्टमधे धार लगेच थांबली तर मात्र गिझरमधे बघा. आत गार पाणी तळाशी सोडणारी जी नळी किंवा डिफ्लेक्टर असतो तो तुटला असेल तर आलेलं गार पाणी सरळ वरच्या गरम पाण्यात मिसळतं. आणखी एक, पाणी तापायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. २००० वॅटच्या एलिमेंटला २५ लिटर पाणी २० वरून ६० डिग्रीवर न्यायला ३५ मिनिटं लागतात, १५ लिटर असेल तर २१. तुमचा दिवा दहा मिनिटांत विझत असेल तर थर्मोस्टॅट लवकर कट मारतोय, बहुतेक त्याच्या नळीभोवती क्षार चढलेत. उलट तासभर लागत असेल तर आधी व्होल्टेज बघा. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गात कमी होते, २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटचं एलिमेंट जेमतेम १२०० वॅट देतं, आणि माणूस शिव्या घालतो गिझरला.

प्रश्न : गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. गार पाण्याला येत नाही.

ही ॲनोडची करामत. टाकी स्टीलची, आतून काचेसारखा इनॅमलचा थर, आणि त्या थराला जिथे बारीक भोकं असतात तिथे गंज धरू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी लटकवलेली असते. पाणी स्टीलला खायच्या ऐवजी तिला खातं, टाकीसाठी बळी जाणं हाच तिचा जन्म. पण पाण्यात सल्फेट असेल आणि गिझर बरेच दिवस पडून असेल तर तिथे काही जिवाणू वाढतात, मॅग्नेशियमच्या संगतीने ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो वास. टाकी धुवा, मग थर्मोस्टॅट ६५-७० वर ठेवून एकदा पूर्ण तापवा, दोन तास तसंच राहू द्या आणि सगळे गरम नळ सोडून ते पाणी वाहून जाऊ द्या. (घरात सगळ्यांना सांगून ठेवा, ते पाणी भाजणारं असतं.) वास पुन्हा पुन्हा येत असेल तर ॲल्युमिनियम-झिंकचा ॲनोड मिळतो तो लावा. ॲनोड काढूनच टाका असा सल्ला कोणी देईल, वास लगेच जातो म्हणून लोक खूशही होतात, आणि मग काही दिवसांनी टाकीच गळायला लागते. टाकीला वेल्डिंग करून काही होत नाही.

जाता जाता सांगतो, दर एक-दोन वर्षांनी ही कांडी बघायची. निम्म्याहून जास्त खाल्ली असेल किंवा आतली तार दिसायला लागली असेल तर बदलायची. वॉटर सॉफ्टनर लावलेल्या घरात ती आणखी लवकर संपते, तिथे वर्षाला एकदा नक्की बघा.

प्रश्न : टेंपरेचर किती ठेवावं? घरात दोन वर्षांचं बाळ आहे आणि सासूबाई म्हणतात ४५ च्या वर नको.

सासूबाईंची काळजी रास्त आहे, फक्त जागा चुकलीय. ६० डिग्रीचं पाणी मोठ्या माणसाचीसुद्धा कातडी पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं, बाळाची त्याहून लवकर. पण टाकीतच ४०-४५ ठेवलं तर लिजिओनेला नावाच्या जिवाणूला ते अगदी मानवतं, २० ते ४५ डिग्रीत तो वाढतो आणि पाण्याच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. (१९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या, म्हणजे अमेरिकन लिजनच्या, अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली, त्यावरून हे नाव पडलं.) म्हणून टाकी ६० वर, आणि नळाशी येताना थर्मोस्टॅटिक मिक्सरने ४० च्या आसपास, दोघींचंही समाधान. मिक्सर नसेल तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघितल्याशिवाय बाळाला पाण्याजवळ न्यायचं नाही.

प्रश्न : दिवसभर चालू ठेवला तर वीज कमी लागते म्हणे, पुन्हा पुन्हा तापवायला जास्त लागते. खरं का?

खोटं. टाकी जितका वेळ गरम तितका वेळ ती उष्णता बाहेर सोडत राहणार. लागेल तेव्हा लावा, झालं की बंद करा.

प्रश्न : बाथरूममधे गॅस गिझर आहे. थंडीत खिडकी लावून आंघोळ केली की मुलीला गरगरतं आणि डोकं दुखतं. अशक्तपणा असेल का?

अशक्तपणा नाही, हा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि मी हे उत्तर सगळ्यात आधी छापायला हवं होतं. गिझर आजच बंद करा, मुलीला डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना गॅस गिझरचं आवर्जून सांगा, नाहीतर तेही अशक्तपणाच समजतील.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ डिग्रीने तापवायला साडेदहा किलोवॅट लागतात, म्हणजे स्वयंपाकाच्या चार-पाच मोठ्या बर्नरइतकी आग त्या कपाटाएवढ्या खोलीत जळतेय, खिडकी बंद, दार बंद. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस आधी गरगरतो, मग दार उघडायचं सुचत नाही. हा धोका पहिल्या दिवसापासूनचा आहे, १८६८ साली लंडनमधे बेंजामिन मॉघन यांनी गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं, आइसलंडच्या उसळत्या झऱ्यांवरून त्याला गिझर नाव दिलं, आणि त्याला धूर बाहेर न्यायची नळीच नव्हती.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा, पाण्याचा पाईप तेवढा आत. खिडकी थोडी किलकिली ठेवतो, एक्झॉस्ट फॅन लावतो ही उत्तरं नाहीत, हवा आत यायला जागा नसेल तर फॅन उलट धुराड्यातलाच धूर आत ओढतो. ज्वाला निळी हवी, पिवळी दिसायला लागली की बर्नर साफ करून घ्या. पण निळी आहे म्हणजे बंद बाथरूममधे चालेल, असंही नाही.

प्रश्न : नवीन गिझर बसवला, चालू केला, दोन मिनिटांत वास आला आणि बंद पडला. कंपनी म्हणते तुमची चूक.

पाणी भरायच्या आधी चालू केलात ना? लाजू नका, मीही केलंय, ते पण माझ्या स्वतःच्या घरी, पाहुणे येणार म्हणून घाईत. कोरडं एलिमेंट काही मिनिटांत जळतं. आधी कॉक उघडा, मग गरम नळ उघडा, तो आधी फसफसतो, थुंकतो, मग सलग धार धरतो. सलग धार मिनिटभर चालली की मगच बटण. आता एलिमेंट बदलावं लागेल, आणि कटआऊटही उडालेला असेल, त्याचं छोटं बटण दाबून रिसेट होतं. साफसफाई, नवीन एलिमेंट सगळं करूनही तो परत उडाला तर मात्र दाबत बसू नका, थर्मोस्टॅट अडकलाय.

प्रश्न : पाणी गरम होतं पण गिझरवरचा लाल दिवा लागत नाही.

दिवा गेलाय, गिझर नाही. पुढच्या वेळी कव्हर उघडेल तेव्हा बदलून घ्या, तोवर बटण बंद केलंय की नाही ते दोनदा बघा.